एका सेकंदात किती चित्रे?

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. रात्री अकराच्या सुमाराला वर्तमानपत्र बाजूला ठेवून मी नुकताच आडवा झालो होतो. इतक्यात पलीकडच्या खोलीतून पिठाची गिरणी सुरू व्हावी तशी घरघर ऐकू येऊ लागली. सौ. उठून बसली.

"अहो, ऐकलंत ना? रोज रात्री हेच. एक दिवस ते खोकं पेट घेणार बघा!"

खोकं म्हणजे आमच्या चिरंजीवांचा संगणक. बारावीची परीक्षा उरकली होती, सुटी मोकळी होती आणि खेळांना ऊत आला होता. मी खोलीत डोकावलो. पडद्यावर कुठल्याशा बर्फाळ डोंगरात तलवारी खणखणत होत्या, टेबलाखालच्या पेटीतून भट्टीसारखी धग येत होती आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवा आकडा सारखा नाचत होता : १३८, ९१, १४५, ५२...

"हा कसला आकडा?" मी विचारले.

"फ्रेम्स, बाबा. सेकंदाला किती चित्रं निघतात ते. बघा ना, मध्येच पन्नासवर येतं आणि गेम अडखळतो. हे ग्राफिक्स कार्ड आता पुरत नाही. नवीन घ्यावं लागेल."

"केवढ्याला?"

"चाळीस हजारांच्या आसपास."

त्यानंतर आमच्या घरात संगणकापेक्षा माझाच आवाज मोठा झाला. "खेळात हरलास की यंत्राला दोष द्यायचा, ही चांगली युक्ती आहे!" असेही मी बोलून गेलो. मुलाने उत्तर दिले नाही. त्याने मुकाट्याने संगणक बंद केला आणि भिंतीकडे तोंड करून तो झोपला. मला मात्र बराच वेळ झोप लागली नाही. पैशांचा प्रश्न होताच. पण ज्या गोष्टीतले ओ की ठो आपल्याला कळत नाही तिच्याबद्दल आपण मुलाला खोटे ठरवले, ही टोचणी अधिक होती.

सकाळी चहाच्या वेळी मी तह पुढे केला. "तुझ्या मागणीत तथ्य असेल तर पैसे देईन. पण आधी मला ते समजलं पाहिजे. सेकंदाला किती चित्रं लागतात, का लागतात आणि ती मध्येच कमी का होतात?"

चिरंजीवांनी समजावायला सुरुवात केली. पण तिसऱ्याच 'का'ला गाडी अडली. मग आम्ही दोघांनी मिळूनच ह्या प्रश्नाच्या मागे लागायचे ठरवले. पुढच्या दोन आठवड्यांत जे हाती आले ते इथे मांडतो आहे. ज्यांच्या घरी असे एखादे घरघरणारे खोके आहे त्यांना त्याचा उपयोग होईल.

नानांचे रीळ

आमच्या इमारतीत तळमजल्यावर नाना राहतात. त्यांनी उभी हयात एका चित्रपटगृहात प्रोजेक्टर चालवण्यात घालवली. रिळे गेली, डिजिटल यंत्रे आली, तेव्हा नानाही निवृत्त झाले. सेकंदाच्या चित्रांचा हिशेब त्यांच्याइतका जवळून कोणी पाहिला असणार? आम्ही बापलेक त्यांच्याकडे जाऊन बसलो.

"अरे, पडद्यावरचं चित्र मुळी हलतच नाही," नाना म्हणाले. "हलतं असं तुम्हाला वाटतं. प्रोजेक्टरमध्ये पट्टी एकसारखी वाहत नसते. एक चित्र भिंगासमोर येतं, थांबतं, त्यातून प्रकाश जातो. मग झडप आड येते, अंधारात पट्टी एक घर खाली ओढली जाते आणि पुढचं चित्र थांबतं. सेकंदाला चोवीस वेळा थांबायचं आणि चोवीस वेळा धावायचं!"

पट्टीला असे झटके देणारे एक फुलीच्या आकाराचे चाक असते. त्याला 'माल्टीज क्रॉस' म्हणतात. ३५ मिलिमीटरच्या पट्टीवर एका फुटात सोळा चित्रे बसतात. म्हणजे मिनिटाला नव्वद फूट पट्टी खपते आणि अडीच तासांच्या चित्रपटाला साडेतेरा हजार फूट लागते. नानांनी हा हिशेब बोटे न मोडता सांगितला.

गंमत पुढेच आहे. चोवीस झगमगाट डोळ्याला पुरत नाहीत, प्रकाश लुकलुकतो. म्हणून झडपेला दोन पाती ठेवून प्रत्येक चित्र दोनदा दाखवतात. चित्रे चोवीस, पण प्रकाशाचे झोत अठ्ठेचाळीस! म्हणजे चित्रे किती आहेत आणि पडदा किती वेळा उजळतो हे दोन निराळे आकडे आहेत. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. संगणकाच्या खेळात सगळे घोटाळे ह्या दोन आकड्यांच्या भांडणातून होतात.

"पण चोवीसच का?" चिरंजीवांनी विचारले.

ह्या चोवीसची कथा मोठी बोधप्रद आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली, ती सेकंदाला सुमारे सोळा ह्या वेगाने. मूकपटांच्या काळात यंत्राचा दांडा पुष्कळदा हातानेच फिरवीत. चित्रण एका वेगाने व्हायचे आणि खेळ दुसऱ्याच वेगाने. चित्रपटगृहाला घाई असली की हात भराभर फिरे आणि पडद्यावरची माणसे तुरुतुरु चालू लागत. प्रेक्षक हसत, पण चालवून घेत. १९२०नंतरच्या दशकाच्या अखेरीस पट्टीवर आवाज आला आणि ही चैन संपली. पट्टीचा वेग थोडा जरी डळमळला तरी गाणाऱ्याचा सूर डळमळतो. डोळा क्षमा करतो, कान करीत नाही. म्हणून एकच वेग कायमचा ठरवावा लागला. आवाज चांगला उमटेल इतका जलद आणि पट्टीचा खर्च झेपेल इतका मंद, असा मध्य साधून चोवीस हा आकडा रूढ झाला. १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलू लागला तेव्हा चोवीसचे राज्य सुरू झालेले होते.

"म्हणजे चोवीस हा काही जादूचा आकडा नव्हे," नाना म्हणाले. "तो सतत टिकला, हे त्याचं मोठेपण. ऑपरेटरची परीक्षा वेगात नसते, एकसारखेपणात असते."

मग त्यांनी दादासाहेब फाळक्यांची आठवण काढली. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर आला. त्याच्या आदल्या वर्षी दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची चित्रे दिवसामागून दिवस, एकेक करून घेतली. पट्टी चालवली तेव्हा कित्येक दिवसांत वाढलेले रोप डोळ्यांदेखत काही क्षणांत वर आले. "पट्टीला दिवस कळत नाहीत," नाना म्हणाले. "तिला फक्त चित्रं कळतात. काळ ठरवतो तो ती चालवणारा." ह्या वाटाण्याच्या रोपाची पुढे पुन्हा गाठ पडणार आहे.

इथे पट्टी नाही

आता संगणकाच्या खेळाकडे वळू. चित्रपटाची सगळी चित्रे आधीच काढून डब्यात भरलेली असतात. खेळात असे काहीच तयार नसते. तुम्ही डावीकडे वळणार की उजवीकडे, हे यंत्राला आधी कुठून ठाऊक असणार? म्हणून प्रत्येक चित्र त्या त्या क्षणी नव्याने काढावे लागते.

एका चित्रासाठी यंत्राला चार कामे करावी लागतात. खेळाडूने कोणते बटण दाबले ते पाहायचे. त्याप्रमाणे खेळातल्या जगात कोण कुठे सरकला, कोण पडला, ह्याचा हिशेब करायचा. मग ते दृश्य, त्यातला उजेड, सावल्या, धुके यांसह रंगवायचे. आणि पडद्याकडे पाठवायचे. हिशेबाचे काम मुख्यतः प्रोसेसर करतो, रंगकाम ग्राफिक्स कार्ड करते. सेकंदाला साठ चित्रे हवी असतील तर हे सगळे १६.७ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागात, उरकले पाहिजे. मोकळ्या माळावर ते पटकन होते. पन्नास सैनिक, पाऊस आणि आग एकदम आली की वेळ लागतो. आमच्या पडद्यावरचा हिरवा आकडा का नाचत होता, ह्याचा उलगडा इथे झाला.

पण सिनेमाला चोवीस पुरतात तर खेळाला साठ कशाला? ह्या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. एक असे, की कॅमेऱ्याची झडप उघडी असते तेवढ्या वेळात धावणारा घोडा थोडा पुढे सरकतो आणि चित्रात किंचित फराटा उमटतो. तो फराटा दोन चित्रांमधला सांधा झाकतो. खेळातले चित्र मात्र मुळात लखलखीत, गोठलेले असते. चोवीस गोठलेली चित्रे एकामागून एक आली तर सांधे डोळ्यात भरतात. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. सिनेमात तुम्ही बघे असता. खेळात तुमचा हात गुंतलेला असतो. बटण दाबले आणि पडद्यावर परिणाम दिसला, ह्यांमध्ये जितका वेळ जाईल तितके यंत्र जड वाटते. चित्रे जास्त, तर हा वेळ कमी.

इथवर ऐकून मला कबूल करावे लागले, की मुलाची तक्रार अगदीच पोकळ नव्हती.

मात्र ह्या वाढत्या आकड्यांचा लाभ उतरता असतो, हेही आम्ही कागदावर मांडून पाहिले. तीस चित्रे असताना एका चित्राला ३३.३ मिलिसेकंद लागतात. साठ केली की १६.७. म्हणजे जवळजवळ सतरा मिलिसेकंद वाचले. साठाची एकशेवीस केली तर वाचतात आठ. एकशेवीसची दोनशेचाळीस केली तर वाचतात जेमतेम चार. प्रत्येक वेळी काम दुप्पट, पण लाभ आधीच्या निम्मा!

पोळ्यांचा हिशेब

आता तो दुसरा आकडा. पडदा स्वतः किती वेळा उजळतो? ह्याला रिफ्रेश रेट म्हणतात आणि तो हर्ट्झमध्ये मोजतात. चित्रवाणीच्या आरंभी हा आकडा घरातल्या विजेवरून ठरला. अमेरिकेत वीज सेकंदाला साठ आवर्तनांची, म्हणून तिथे साठ. आपल्याकडे पन्नास आवर्तनांची, म्हणून दूरदर्शनच्या पडद्यावर सेकंदाला पंचवीस चित्रे, प्रत्येक दोन अर्ध्यांत विभागून पन्नास हप्त्यांत. संगणकाच्या साध्या पडद्यांना साठ हर्ट्झ हा आकडा चिकटला तो आजतागायत. १२०, १४४, २४० हर्ट्झचे पडदेही आता मिळतात. पण आमच्या चिरंजीवांचा पडदा साठचाच निघाला.

"मग तुझा आकडा १४५ होतो तेव्हा उरलेली पंच्याऐंशी चित्रं जातात कुठे?" मी विचारले.

चिरंजीव गप्प झाले. उत्तर स्वयंपाकघरातून आले. सौ. पोळ्या करीत होती. ती म्हणाली, "जेवणारा मिनिटाला एक पोळी खात असेल आणि मी मिनिटाला अडीच लाटल्या, तर काय होणार? पिठाची आणि गॅसची नासाडी!"

इतकी नेमकी उपमा आम्हाला कोणत्याही पुस्तकात सापडली नसती. पडदा सेकंदाला साठच चित्रे खातो. बाकीची भाजली जातात आणि फेकली जातात. त्यांना लागलेली वीज उष्णता होऊन बाहेर पडते आणि ती उष्णता हटवायला पंखे गिरणीसारखे फिरतात. आमच्या रात्रीच्या झोपेचे मारेकरी म्हणजे ही न दिसणारी पंच्याऐंशी चित्रे होती!

उपमा पुढेही चालते. पानात वाढण्याची वेळ ठरलेली नसली तर जेवणारा एक पोळी निम्मी खाऊन होतो तोच तिच्या जागी दुसरी येऊन पडते. पडद्यावरही तसेच होते. वरचा भाग जुन्या चित्राचा आणि खालचा नव्याचा, अशी मधोमध फाटल्यासारखी रेघ दिसते. हे 'टेअरिंग'. ह्यावर 'व्ही-सिंक' नावाचा उपाय असतो : पडद्याचे आधीचे चित्र पूर्ण होईपर्यंत नवे वाढायचे नाही. रेघ जाते, पण पोळी एका क्षणाने उशिरा भाजली गेली तर पुढच्या फेरीपर्यंत थांबावे लागते, आणि बटणाचा परिणामही थोडा उशिरा दिसतो.

तिसरा दोष सर्वांत फसवा आहे, कारण तो आकड्यात दिसत नाही. समजा, एका सेकंदात एकोणसाठ चित्रे प्रत्येकी दहा मिलिसेकंदांत निघाली. झाले ५९० मिलिसेकंद. साठाव्या चित्राला मात्र ४१० लागले. बेरीज बरोबर एक सेकंद, चित्रे बरोबर साठ. मापक म्हणेल, उत्तम! खेळाडूला मात्र जवळजवळ अर्धा सेकंद जग थिजलेले दिसेल. चिरंजीव ज्याला 'अडखळणे' म्हणत होते ते हेच. त्यांना त्रास होत होता तो चित्रे कमी पडल्यामुळे नव्हे. ती कधी भराभर आणि कधी रेंगाळत येत होती म्हणून. नाना जे एकसारखेपणाबद्दल म्हणाले होते तेच शंभर वर्षांनंतरच्या यंत्रालाही लागू पडत होते.

लगाम नसलेले खेळ

चित्रांच्या वेगाला लगाम घालण्याची कल्पना नवी नाही. किंबहुना, लगाम नसल्यामुळे काय होते ह्याच्या पुष्कळ कथा आहेत.

१९७८ साली जपानच्या तायतो कंपनीचा 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ आला. तोमोहिरो निशिकादो ह्यांनी तो रचला. पडद्यावर पंचावन्न परग्रहवासी ओळीने खाली सरकत येतात आणि तुम्ही त्यांना टिपायचे. त्या काळच्या प्रोसेसरला पंचावन्न आकृत्या हलवताना दम लागे. जसजसे शत्रू मरत तसतसे काम हलके होई आणि उरलेले अधिकाधिक वेगाने धावत. हा खरे म्हणजे यंत्राच्या दुबळेपणाचा परिणाम. पण निशिकादोंनी तो तसाच राहू दिला, आणि शेवटचे शत्रू पिसाळल्यासारखे धावतात हेच त्या खेळाचे मोठे आकर्षण ठरले!

प्रत्येक वेळी असे भाग्य लाभत नाही. १९८१ सालच्या आयबीएमच्या संगणकाचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झने चाले. त्या वेगावर विसंबून लिहिलेले खेळ पुढच्या वेगवान संगणकांवर इतके भरधाव धावू लागले, की खेळणे अशक्य झाले. म्हणून पुढच्या संगणकांच्या पेटीवर 'टर्बो' नावाचे बटण आले. १९९०च्या सुमाराला ज्यांनी संगणक हाताळला त्यांना ते आठवेल. नाव वेगाचे, पण त्याचा खरा उपयोग जुन्या खेळांसाठी यंत्र हळू करण्याचा होता.

फाळक्यांच्या वाटाण्याची आठवण इथे होते. ज्या खेळात काळ चित्रांवरून मोजला जातो, तिथे चित्रे वाढली की काळही पळतो. सुज्ञ रचनाकार म्हणून दर चित्रामागे किती वेळ गेला ते घड्याळात पाहतो आणि तेवढीच हालचाल करतो. तरीही हिशेबात कुठे तरी चूक राहून जाते. २०१४ सालच्या 'डार्क सोल्स २' ह्या खेळात सेकंदाला तीसऐवजी साठ चित्रे असली, की तलवारी दुप्पट वेगाने झिजत! हा दोष पुढच्या वर्षी दुरुस्त झाला. २०११च्या 'स्कायरिम' खेळात साठाच्या फार वर गेले, की भांडीकुंडी आपोआप उडू लागत आणि खेळाच्या आरंभीची घोडागाडी रस्त्यावर कोलांट्या घेई. अशा खेळांत साठची मर्यादा घालणे म्हणजे खेळ नीट चालू देणे होय.

सर्वांत नवल वाटावे अशी हकीकत मात्र लढाईच्या पडद्यांची नाही, रिकाम्या पडद्यांची आहे. २०१० साली 'स्टारक्राफ्ट २' आला तेव्हा काही जणांची ग्राफिक्स कार्डे भलतीच तापू लागली, आणि तीही खेळ सुरू नसताना! कारण असे, की साध्या यादीच्या पडद्यावर रंगवण्यासारखे काहीच नसते. मग कार्ड पूर्ण जोर लावून तेच तेच चित्र सेकंदाला शेकड्यांनी काढत बसते. कंपनीने मर्यादा घालणाऱ्या दोन ओळी जाहीर केल्या : यादीच्या पडद्याला तीस, खेळाला साठ. २०२१ साली 'न्यू वर्ल्ड' ह्या खेळाच्या चाचणीत काही महागडी कार्डे कायमची बंद पडली. त्या कार्डांच्या एका उत्पादकाने पुढे आपल्या काही कार्डांत डाग देण्यातला दोष असल्याचे सांगितले. म्हणजे दोष सगळा खेळाचा नव्हता. पण खेळ काढणाऱ्यांनीही यादीच्या पडद्यावर लगेच मर्यादा घातली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मर्यादा कोणती आणि कशी?

आता व्यवहाराचे बोलू. फ्रेमची मर्यादा घालायला पैसा लागत नाही. बहुतेक खेळांच्या सेटिंगमध्ये 'मॅक्स फ्रेम रेट' किंवा 'फ्रेम रेट लिमिट' असा पर्याय असतो. तिथे नसेल तर एनव्हिडिया आणि एएमडी ह्या दोन्ही कार्डांबरोबर येणाऱ्या नियंत्रण-पटलात तो मिळतो. आकडा निवडताना पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली गोष्ट : सरासरी पाहू नका, नीचांक पाहा. खेळातल्या सर्वांत गर्दीच्या जागी जा आणि आकडा किती खाली येतो ते बघा. जो आकडा यंत्राला बिकट प्रसंगीही झेपतो, तोच तुमचा खरा आकडा. घरखर्च आपण दिवाळीच्या बोनसवर आखत नाही, महिन्याच्या पगारावर आखतो, तसेच हे.

दुसरी गोष्ट : तो आकडा पडद्याच्या आकड्याला भाग जाणारा असावा. साठच्या पडद्यावर साठ किंवा तीस. चाळीस मात्र नको; कारण मग एक चित्र दोनदा आणि पुढचे एकदाच दिसते आणि चाल लंगडते. तीस असली तर प्रत्येक चित्र नेमके दोनदा येते, नानांच्या झडपेसारखे. पडदा १२० हर्ट्झचा असेल तर चाळीसही चालतील. प्रत्येक चित्र तीनदा.

तिसरी गोष्ट : काही नव्या पडद्यांना चित्र येईल तसे उजळता येते. 'जी-सिंक' आणि 'फ्रीसिंक' अशी त्यांची नावे आहेत. २०१३ नंतर हे पडदे बाजारात येऊ लागले. इथे जेवणारा वाढप्याची वाट पाहतो, म्हणून भाग जाण्याचे बंधन नाही. पण पडद्याच्या कमाल आकड्याच्या दोन-तीन खाली, म्हणजे १४४च्या पडद्यावर १४१ वगैरे, मर्यादा ठेवावी. नाही तर कमाल ओलांडताच सारी व्यवस्था मोडते.

चौथी गोष्ट लॅपटॉप आणि फोनवाल्यांसाठी. बॅटरीवर खेळताना चित्रे निम्मी केली तर यंत्र कमी तापते आणि बॅटरी अधिक टिकते. फोन जास्त तापला की तो आपण होऊन आपला वेग कमी करतो. मग पहिली दहा मिनिटे साठ-नव्वद आणि नंतर गचके, असे होते. त्यापेक्षा पहिल्यापासून बेताचा आकडा बरा.

आणि अपवादही सांगितला पाहिजे. नेमबाजीच्या स्पर्धा खेळणारे पट्टीचे खेळाडू बहुधा मर्यादा काढून टाकतात किंवा फार वर ठेवतात. साठच्या पडद्यावरसुद्धा दोनशे चित्रे निघत असली, की जे चित्र दिसते ते अधिक ताजे असते आणि बटणाचा परिणाम काही मिलिसेकंद आधी कळतो. आवाज, उष्णता आणि फाटकी रेघ ही त्याची किंमत ते समजून मोजतात. म्हणजे सौ.च्या उपमेला इथे थोडी मुरड घालायला हवी : ज्याला तव्यावरची अगदी गरमच पोळी हवी, त्याने चार वाया घालवल्या तरी त्याची तक्रार नसते.

दोन आठवड्यांनंतर

एवढा अभ्यास झाल्यावर आम्ही चिरंजीवांच्या संगणकाला हात घातला. आधी सावल्यांचा दर्जा एक पायरी खाली आणला. चित्रात फरक शोधूनही सापडेना. पण गर्दीच्या जागी ५२वर येणारा आकडा ६०च्या खाली येईनासा झाला. मग साठची मर्यादा घातली. कोपऱ्यातला हिरवा आकडा एकदम शांत झाला. साठ, साठ, साठ. कार्डाचे तपमान ८३ अंशांवरून ६६वर आले.

"बाबा, हे तर आधीपेक्षा मऊ चालतंय!" चिरंजीव म्हणाले. "१४५ होते तेव्हासुद्धा असं वाटत नव्हतं."

त्या रात्री अकरा वाजता सौ. पुन्हा उठून बसली. "अहो, आज आवाज येत नाही. बिघडलं की काय?" ती जाऊन पाहून आली. संगणक सुरू होता, चिरंजीव खेळत होते, आणि पंख्यांची नुसती कुजबुज चालली होती.

चाळीस हजार त्या वेळी वाचले. पण ही केवळ काटकसरीची कथा म्हणून मी सांगत नाही. मुलाला जाणवत होते ते अडखळणे खरे होते. फक्त त्याचे कारण त्याने चुकीचे धरले होते. मी मात्र कारणही पाहिले नव्हते आणि दुखणेही मानले नव्हते. मी त्याला तसे सांगितले. तो जरा संकोचला आणि म्हणाला, "जाऊ दे ना, बाबा."

थोड्या वेळाने त्यानेच पुढे विचारले, "पण कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला १४४चा पडदा घ्यायचा का? आता तुम्हाला फरक कळतो ना!"

आता 'नाही' म्हणायला माझ्यापाशी अज्ञानाची सबब उरलेली नाही. दुसरे वर्ष येईल तेव्हा पाहू. तूर्त आमचे चिरंजीव साठ चित्रांत सुखी आहेत. हरतात अजूनही, पण हरल्यावर कोपऱ्यातल्या आकड्याकडे पाहत नाहीत.